गुडघाभर पाण्यातलं लाइफ जॅकेट

मी घाबरट आहे, हे नेरूळच्या आमच्या सोसायटीत वॉचमनलाही माहीत आहे. त्यामुळे भाड्याची कॅराव्हॅन तलावाकाठी थांबल्या थांबल्या मी चार वर्षांच्या लेकीला लाइफ जॅकेट चढवलं.

नवरा हसायलाच लागला. "अगं, गुडघाभर पाणी आहे! मोरा बंदरातल्या कोळ्यांची नात आहे ती. काढ ते!"

"नाही काढणार. हवं तर आम्ही दोघी गाडीतच बसू." एवढं ठाम मी बोलले, यावर माझाच विश्वास बसेना.

"आई, तूच सांग हिला!"

मोऱ्यात उभा जन्म काढलेल्या सासूबाई खाली उतरल्या आणि पाण्याकडे बघत राहिल्या. म्हटलं, आता माझी खैर नाही.

"दर्याची नं माझी वलख हाय," त्या म्हणाल्या. "या तलावाची नाय. सूनबाय, मना पन येक दे."