चालकाची चावी माझ्या खिशात होती

पुरवणी जबाब
दिनांक १८ नोव्हेंबर २०२५
नाव: देवदत्त अच्युत पिंपळापुरे. वय: ६३ वर्षे. व्यवसाय: निवृत्त प्राध्यापक, यांत्रिक मापनशास्त्र. राहणार: चौबे कॉलोनी, रायपूर, छत्तीसगड.

मी आज सकाळी दहा वाजता ठाण्यात कोणीही न बोलावता समक्ष हजर होऊन लिहून देतो की, १४ नोव्हेंबर रोजी दिलेला माझा जबाब अपुरा आहे व त्यातील एक विधान खोटे आहे. हा जबाब मी स्वहस्ते मराठीत लिहिला आहे. उपनिरीक्षक शर्मिष्ठा ठाकूर यांनी केलेले त्याचे हिंदी रूपांतर मी तपासून सोबत जोडले आहे.

१४ नोव्हेंबर रोजी सकाळी ११.४० वाजता मी व माझी पत्नी ज्योती, वय ५८, आमच्या मोटारीने सदर बाजारातून जात होतो. सराफाकडे दुरुस्तीला दिलेली नथ परत आणावयाची होती. पुढे रिक्षा उभी असल्याने मी मोटार पूर्ण थांबवली होती. मागून आलेल्या मालवाहू पिकअपने तिला धडक दिली. डिकीचे झाकण दबले, बंपर तुटला व डावा दिवा फुटला. आम्हा दोघांस इजा झाली नाही. पिकअपचा चालक गौतम देवांगन, वय ३४, याने खिडकीतूनच हात जोडून म्हटले, "ब्रेक नहीं लगा साहब, गलती मेरी है।" या धडकेत माझी कोणतीही चूक नव्हती. हे विधान आजही कायम आहे.

माझ्या मोटारीच्या विम्यावर मी अकरा वर्षांत एकही दावा केलेला नव्हता. त्यामुळे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात मला निम्मी सवलत मिळत असे. चूक कोणाचीही असो, स्वतःच्या विम्यातून भरपाई घेतली की ही सवलत शून्यावर येते व पुढील हप्ता दुप्पट होतो. नूतनीकरण दोन दिवसांवर होते. वाढणारी रक्कम मला जड नव्हती. परंतु ती सवलत म्हणजे माझ्या निर्दोष वागणुकीची लेखी पावती होय, असे मी मानत असे. भरपाई पिकअपच्या विम्यातून मागावयाची, तर पोलीस नोंद, चालकाचा परवाना व त्याच्या विम्याचा क्रमांक आवश्यक होता. तोवर त्याने पळून जाता कामा नये, म्हणून मी त्याच्या खिडकीतून हात घालून पिकअपची चावी काढली व माझ्या सदऱ्याच्या खिशात ठेवली. पहिल्या जबाबात हे नमूद नाही. ती चावी मी आज जमा करीत आहे.

मी ११.४४ वाजता पोलिसांना फोन केला. पिकअप रस्त्यात आडवी असल्याने दोन्ही बाजूंनी दुचाकी तुंबल्या. चालक म्हणाला, "चाबी ला दे देव साहब, गाड़ी ला किनारे लगा देथंव। मैं नइ भागंव।" तो गाडी बाजूला घेण्यासाठी चावी मागत होता व पळणार नाही असे सांगत होता. मी त्याला पोलीस येईपर्यंत थांबण्यास सांगितले.

ज्योती मोटारीतूनच मला म्हणाली, "अहो, काहून अडून बसले तुम्ही? द्या ना त्याले चावी. अकरा वर्षं विम्याचं बक्षीस घेऊन राहिले, एका वर्षी नाही भेटलं तर काय नापास होता का?" मी तिला काच वर करण्यास सांगितले.

११.५१ वाजता मी विमा प्रतिनिधी शिशिर मुकादम यांना फोन लावला. हा फोन सात मिनिटे चालला. पुढील सर्व प्रकार त्या सात मिनिटांतील आहे. मी पिकअपपासून अंदाजे सहा मीटरवर होतो. माझी दृष्टी व श्रवण दोन्ही चांगले आहेत.

एका दुचाकीस्वाराने चालकास विचारले, "क्यों बे, गाड़ी ससुराल में खड़ी की है क्या?" लोक हसले. चालक म्हणाला, "चाबी साहब के पास हे, भैया।" त्याने माझ्याकडे बोट दाखवले. सात-आठ जणांनी माझ्याकडे पाहिले. मी फोनवर बोलत राहिलो. दुचाकीस्वार म्हणाला, "झूठ बोलता है, साले!" आणि त्याने हेल्मेट चालकाच्या तोंडावर मारले.

चालकास गळपट्टी धरून खाली ओढण्यात आले. मारणारे चौघे होते. हेल्मेटचे सहा घाव मी मोजले. लाथा मोजता आल्या नाहीत. चौथ्याने पिकअपमधून चाक खोलण्याचा लोखंडी पाना काढला. पहिला घाव खांद्यावर, दुसरा जबड्यावर व तिसरा डाव्या डोळ्यावर बसला. जबड्याच्या घावाचा आवाज वेगळा होता. चालक प्रत्येक घावानंतर "चाबी साहब के पास" एवढेच म्हणत होता. दुसऱ्या घावानंतर शब्द कळेनासे झाले.

त्याच वेळी श्री. मुकादम मला सांगत होते, "काका, नियम असाच आहे. गलती त्याची असली तरी आपला क्लेम घेतला का बोनस गेला. त्याच्या कंपनीकडून वसूल करा, पण रिपोर्ट पक्का पाहिजे." नंतर त्यांनी विचारले, "मागे कोण ओरडून राहिलं, काका?" मी म्हणालो, "कोणी नाही. बाजार आहे."

ज्योती धावत माझ्याकडे आली व म्हणाली, "चावी द्या त्यायले! मरून जाईन तो माणूस!" मी तिला थांबण्याची खूण केली. ती थांबली नाही. ती गर्दीत शिरली व चालकाच्या अंगावर ओणवी झाली. पान्याचा चौथा घाव तिच्या उजव्या मनगटावर बसून हाड मोडले. वयस्क बाई पडलेली पाहून मारणारे पळाले.

१२.०२ वाजता पोलीस आले. गाडी बाजूला का घेतली नाही, असे त्यांनी विचारले. मी उत्तर दिले, "चालकाने गाडी हलवण्यास नकार दिला." त्या वेळी चावी माझ्या खिशात होती. पिकअप दोरी लावून ओढून नेण्यात आली.

१६ नोव्हेंबर रोजी माझ्या विम्याचे नूतनीकरण झाले. सवलत पूर्ववत मिळाली.

श्री. देवांगन यांचा जबडा तारांनी बांधलेला असल्याने ते बोलू शकत नाहीत. त्यांचा डावा डोळा काढावा लागला आहे. मारणाऱ्यांपैकी अटकेतील दोघांनी काल जामीन मागितला. चालकाने गाडी हलवण्यास नकार देऊन आधी हात उचलला, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांच्या अर्जात माझ्या पहिल्या जबाबातील वाक्य जसेच्या तसे उतरवलेले आहे. श्री. देवांगन यांनी हात उचलला नव्हता. जोडले होते, ते मी पाहिले.

ज्योती १५ तारखेपासून शंकर नगर येथे मुलीकडे राहत आहे. मुलगी अबोली हिने फोनवर एवढेच विचारले, "बाबा, आपने पुलिस को बताया क्या?"

हा जबाब दिल्यास माझ्यावरही कारवाई होऊ शकते, याची उपनिरीक्षक ठाकूर यांनी दोनदा जाणीव करून दिली. त्या म्हणाल्या, "सर, चाबी वाली बात आपके और मैडम के सिवा कोई साबित नहीं कर सकता। सोच लीजिए।" मी त्यांना जबाब दाखल करून घेण्यास सांगितले. "चालकाने गाडी हलवण्यास नकार दिला" हे वाक्य खोटे आहे. ते बोलताना ते खोटे आहे हे मला माहीत होते.

वरील मजकुराचे हिंदी रूपांतर मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आले. ते माझ्या लिहिण्याबरहुकूम आहे. १४ तारखेचा जबाबही असाच वाचून दाखवला होता व तोही मी बरोबर असल्याचे सांगितले होते. साक्षीदाराच्या अशा जबाबावर सही घेत नाहीत, असे मला सांगण्यात आले. मी प्रत्येक पानावर सही करीत आहे.

देवदत्त अच्युत पिंपळापुरे