एडाच्या झग्याची कड

(लीड्स, ऑक्टोबर १९१६. ऑगडेनबाईंची शिवणाची खोली. विधवेचा काळा झगा घालून एडा स्टुलावर उभी. तिची सासू मार्था खुर्चीत.)

ऑगडेनबाई : हलू नकोस, टाचणी टोचेल. जमिनीपासून आठ इंच वर म्हणालीस ना?

मार्था : दोन. त्याच्या वर पोटरी दिसते.

एडा : पोटरीवर जाड काळे मोजे आहेत, आई. तुम्हीच विणलेत.

मार्था : माझे वडील गेले तेव्हा आईच्या झग्याची कड जमिनीला टेकलेली असायची. वर्षभर, आणि वर एक दिवस.

एडा : तुमच्या आईला ट्रामवर चढायचं नव्हतं. मी दिवसभर वर-खाली करते, हातात तिकिटं. गणवेशाचा कोट मिळालाय, खालचा स्कर्ट अजून आलेला नाही. परवा घेर पायात आला आणि मी रस्त्यावर आपटले. साहेब म्हणाले, सोमवारी हाच घेर दिसला तर बिल्ला ठेवून घरी जा.

मार्था : मग जा.

एडा : आणि पोरींना काय वाढू? शोक?

ऑगडेनबाई : भांडा, पण सरळ उभी राहून भांड.

मार्था : शेजारीण काल म्हणाली, तुमच्या सुनेनं तीन महिन्यांत सगळं आटोपलं.

ऑगडेनबाई : तिला माझ्याकडे पाठवा. जुलैतल्या त्या लढाईपासून या चार गल्ल्यांत एकवीस काळे झगे शिवलेत मी. सगळ्यांना पायघोळच हवे होते. आता त्याच बाया कड वर घ्यायला येतात. एक तोफगोळ्यांच्या कारखान्यात आहे, एक टपाल वाटते. आटोपलं कुणाचंच नाही.

मार्था : माझ्या लेकाचं, पर्सीचं थडगंसुद्धा नाही हो. हा झगा रस्त्यानं जातो तेव्हा माणसं टोपी काढतात. तेवढंच उरलंय त्याचं.

एडा : ट्रामवरही काढतात, आई. काल एका म्हाताऱ्यानं काढली. विचारलं, कुठे गेला? म्हटलं, फ्रान्समध्ये. म्हणाला, माझा मुलगाही तिथेच. मग त्याचा थांबा आला तरी बसूनच राहिला.

मार्था : मला नाही सांगितलंस.

एडा : तुम्ही विचारलं नाहीत.

ऑगडेनबाई : कात्री हातात आहे माझ्या. बोला.

मार्था : आठच घ्या. कापलेली पट्टी मात्र टाकू नका. हिच्या सासऱ्यांना दंडावर बांधायला होईल. ते घराबाहेरच पडत नाहीत. अंगावर शोकाचं काही दिसत नाही ना, मग लोक विचारतात, पर्सी कसा आहे.