लेकराले दुखलं का?

कारंजा सोडून एसटी मंगरूळपीरकडे निघाली. पुढच्या सीटवर सासू-सून होत्या. नागपूरच्या दवाखान्यात सुनेच्या पोटातल्या लेकराला सुईनं रक्त चढवलं होतं, एवढं मागे बसलेल्या वैजयंतीला त्यांच्या बोलण्यातून कळलं होतं.

"निता, त्या सुईनं लेकराले दुखलं असन का वं?"

"मीनंबी डाक्टरले हेच इचारलं, आत्याबाई. सातव्या महिन्यात दुखू शकते म्हणे, पण पक्कं कोणी सांगू शकत नाही."

"रडणं तर आयकू येत नाही. मंग समजते कसं?"

"मशीनवर ठोके पाह्यतात, अंग आखडते का ते पाह्यतात. तरी खात्री नसते. म्हून दुखू नये याचं औषध त्याले अगोदरच देल्लं."

"बेस केलं. आता हालून राह्यलं ना?"

"सकाळपासून लाता मारून राह्यलं."

"अन् तुले?"

"मले काय?"

"तुले दुखलं का?"

"लय दुखलं, आत्याबाई."

"मंग सांगाचं नाही का, पोरी? टेक डोकं माया खांद्यावर."

वैजयंतीनं वारा लागू नये म्हणून खिडकी ओढून घेतली.

पुढच्या फाट्यावर कंडक्टर मोठ्यानं ओरडला, तेव्हा सासू त्याला म्हणाली, "हळू बोल, भाऊ. माये दोन्ही लेकरं झोपले हायत."