आधी तडे, मग रंग

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून आम्ही सगळे डोळे मिटून बसलो होतो. शेजारी एक बाई सोबत आलेल्या धाकट्या भावाला मोबाइलवर लग्नाच्या जाहिरातीचा मजकूर लिहायला सांगत होत्या.

"लिही. उजवा गुडघा वाजतो. चहाच्या आधी बोलत नाही. घोरते, भिंतीपलीकडे ऐकू जातं."

"ताई, तू ऑफिसात पडक्या इमारती तपासतेस ते ठीक आहे. इथे जोडीदार शोधायचाय!"

"पहिल्या नवऱ्यानं नुसता रंग बघितला. तडे दिसले तसा पळाला. आता आधी तडे."

"मी 'मनमिळाऊ' लिहितोय."

"खोट्या अहवालावर मी आजवर सही केलेली नाही."

"मग बस एकटीच घोरत!"

समोरून एक घोगरा आवाज आला, "माफ करा हं. घोरणं कुशीवर वळल्यावर थांबतं का?"

"नाही."

"हरकत नाही. मला डाव्या कानानं ऐकू येत नाही, आणि मी उजव्या कुशीवर झोपतो."

ताईंनी आवाज खाली आणला. "कोण रे हा? दिसतो कसा?"

"ताई, तडे इथूनच दिसतायत."

"मग तो मजकूर पुसून टाक. पाहणीची वेळ विचार."