पोटावरच्या फुल्या

(शिंपी शर्ट वर करून खुर्चीत बसलाय. आजच बहिणीकडून परतलेली बायको त्याचं पोट निरखून पाहतेय.)

बायको: ही सहा इंजेक्शनं तुम्हीच घेतलीत ना?

शिंपी: मग काय शेजारी येऊन टोचून गेला? तूच शिकवलंस. सकाळ-संध्याकाळ सुई, तिच्या बाजूला पेनाने फुली. तीन दिवस, सहा फुल्या. मोज.

बायको: मोजल्या. दोन-दोन बोटांवर, सगळ्या एका रेषेत. बटणं लावल्यासारख्या.

शिंपी: कारागिराचा हात आहे.

बायको: माझ्या फुल्यांपाशी काळेनिळे डाग आहेत. तुमच्यापाशी साधा टिपका नाही.

शिंपी: तुझा हात जड आहे.

बायको: अहो, माझ्याकडे बघून सांगा.

शिंपी: ...मोरीत सोडलं औषध.

बायको: सहाही वेळा?

शिंपी: हो.

बायको: कॅन्सरमुळे हृदयाच्या झडपेवर गुठळ्या धरतात, हे डॉक्टरांनी चित्र काढून सांगितलं होतं. एक तुकडा मेंदूत गेला तेव्हा दोन दिवस माझं नाव आठवत नव्हतं तुम्हाला. विसरलात?

शिंपी: ते दोन दिवस सोडून सगळं आठवतंय.

बायको: मग का हो असं केलंत?

शिंपी: या औषधाने रक्त पातळ होतं. बोटाला सुई लागली की थांबायचं नाव नाही. कापड पांढरं. दोनदा डाग पडला.

बायको: कुणाचं एवढं नडलं होतं?

शिंपी: डॉक्टरांचा कोट. त्यांच्या जुन्या कोटाच्या बाह्या पार बोटांवर येतात, बघवत नाही. जीव वाचवला माणसाने, म्हटलं एक धड कोट तरी द्यावा.

बायको: म्हणजे त्यांनी वाचवलेला जीव त्यांच्याच कोटापायी घालवायचा. धन्य आहे तुमची. थांबा, फोन लावते त्यांना.

शिंपी: राहिलेली सगळी आत्ता एकदम दे की.

बायको: आणि मग नाकातोंडातून रक्त येऊ दे. गप्प बसा. ते सांगतील तसं करू.

शिंपी: कोटाचं बोलू नकोस हं.

बायको: सगळं बोलणार. तिकडे तीन रात्री मी निवांत झोपले हो.

शिंपी: ...तो अंगुस्ताना कुठेय?

बायको: सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचा? चाळीस वर्षं नवशिक्यांचं काम म्हणत आलात.

शिंपी: शोध तरी. आणि यापुढे फुली तूच कर.

बायको: माझी वाकडी येते.

शिंपी: येऊ दे वाकडी.