जावयापुढे दोन बाटल्या

निजामपुऱ्यातल्या वाइन शॉपच्या रांगेत माझ्यापुढे दोघे बोलत होते.

"लडकू, बिअर एक माइल्ड, एक स्ट्राँग? दोन्ही कशाला?"

"होणारा जावई पयल्यांदा जेवाला येतोय, तात्या. दोन्ही पुढ्यात ठेवायच्या, कंची उचलतो ती बघायची. माइल्ड उचलली तर मानूस शौकापुरता."

"वा, मुलाखतच घेतोयस की. आणि स्ट्राँग उचलली तर?"

"मंग बेवडा. पोरीचा जल्म वाया."

"म्हणजे लग्न मोडणार?"

"न्हाय ओ. पत्रिका वाटून झाल्या."

"मग ही परीक्षा कशाला?"

"पुढच्या टायमाला कंची आणायची ती समजंल ना."

"आणि पोरीला सांगशील, त्याने कुठली उचलली ते?"

"तिला कशाला? ती कुठं पिते?"