पॅकिंगमधल्या बायांची तीन पत्ती

आम्ही धनगर, बिडकीनच्या अलीकडचे, मेंढरांमागं हिंडणारे. लग्न झालं, मालकाला चिकलठाण्यात नोकरी लागली, मंग मीबी तिथंच एका फॅक्टरीत पॅकिंगला लागले, अन् काय सांगू तुम्हाला, तिथं मला तीन पत्तीचा नादच लागला! जेवणाच्या सुट्टीत आम्ही टेबलावरच्या चौघी खेळायचो, चिंचोके लावून. शिकवलं कमलनं. उस्मानपुऱ्याची कमल, लई हुशार बाई. पण मला पानं टाकवतच नव्हती बघा. आमच्यात लंगडं कोकरूबी मागं सोडत नाय, अन् ही म्हणायची, गये, तीन पानांत मेळ नाय तर टाकून दे, उगं चिंचोके घालवू नको. मी दुर्री, सत्ती, नव्वी घेऊन बसायची अन् रोज तोंडघशी पडायची! वरीस गेलं तवा कुठं टाकायला शिकले. धा डाव टाकायचे, एक धरायचा, पण तो असा धरायचा की समोरच्या बाया गारच पडल्या पायजेत.

तर विद्यापीठाचं नामांतर झालं, त्याच्या पुढच्या संक्रांतीची गोष्ट. साहेब म्हणला टेबलातून एकीलाच सुट्टी, तुमचं तुम्ही ठरवा. माझ्या लेकीची लग्नानंतरची पहिली संक्रांत, तिला हलव्याचे दागिने घालायला मला जायाचंच व्हतं. अन् त्याच दिशी नामांतराला वरीस होत व्हतं, म्हणून कमलला विद्यापीठाच्या गेटवर जायाचं व्हतं, नामांतरापायी तिचा भाऊ जेलात गेला व्हता, तिनं सोता मोर्चात लाठ्या खाल्ल्या व्हत्या. म्हणलं खेळूनच ठरवू, चिंचोके जिच्याकडं जातील तिची सुट्टी.

दोघी लवकरच उठल्या. उरलो मी अन् कमल. पानं उचलते तर काय, बदामचा राजा, राणी, गुलाम! लागोपाठ, एका रंगाचे! असली पानं वरसातून एखांद्या डावाला येतात. तेवढ्यात कमलनं समदे चिंचोके पुढं लोटले. मी तिच्या तोंडाकडं बघितलं अन् माझ्याच्यानं राहवलं नाय. पानं पालथी टाकली, म्हणलं जा बाई, माझी पानं भिकार.

तिनं माझा हातच धरला. भिकार पानं टाकताना तुझा हात कधी थरथरत नाय गये, म्हणली, आज का थरथरला? अन् अशी भडकली! इतकी वर्सं आम्ही हक्कासाठी भांडलो, खैरातीसाठी नाय, उचल पानं अन् लाव चिंचोके. मी रडतच लावले, रडतच राजा-राणी मांडले. तिनं तिची पानं आपटली. तीन तिऱ्या! तीन सारख्या पानांपुढं कोण टिकतं? अहो, हरले मी, अन् नाचले बी मीच! साहेब पळत आला, काय झालं म्हणून.

ती गेटवर गेली, मी तिच्या वाटचं काम ओढलं, अन् लेकीकडं रविवारी गेले. जावई काय रुसला नाय.

आता दोघींचे केस पांढरे झाले, फॅक्टरी सुटली, खेळ काय सुटला नाय. परवा तिला म्हणलं, कमल, त्या दिशी तू हरली असतीस तरी मी तुला सुट्टी दिली असती. ती म्हणली, अन् मी घेतली नसती. अशी बाई! माझा खंडोबा तिला शंभर वर्सं ठेवो.